शाळेचं तोंड कोणीकडे?

मित्रहो,

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत एक शेरेबुक असतं. शाळेला भेट देणारा अधिकारी निघण्यापूर्वी त्यात काय पाहिलं ते लिहितो, सूचना देतो, सही करून तारीख टाकतो. मी या खात्यात ३३ वर्षं काढली. आधी शिक्षक, मग केंद्रप्रमुख आणि शेवटची नऊ वर्षं शिक्षण विस्तार अधिकारी. शेकडो शेरे लिहिले. निवृत्त झाल्यावर माझ्याच बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडे देखरेखीला असलेल्या शाळांच्या गटातल्या, एका जुन्या शाळेने शतक महोत्सवाला बोलावलं. तिथल्या शिक्षकांनी कपाटं उपसून सगळी शेरेबुकं एका टेबलावर मांडून ठेवली होती.

१९३६ सालचा एक शेरा मी उभ्या उभ्या वाचला. लिहिणारे कोणी डिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर. तिसरीच्या बारा मुलांचं वाचन घेतलं, सात जण न अडखळता वाचतात, बाकीच्यांच्या जोडाक्षरांवर मेहनत घ्यावी. पाढे चांगले. मुली दोनच आहेत, मास्तरांनी पालकांस भेटावे. मग मी माझा शेरा शोधला. २०१६ चा सापडला. पोषण आहाराची साठा नोंदवही अद्ययावत. चव रजिस्टर पाहिले. सरल (मुलांची ऑनलाइन नोंद) माहिती ९४ टक्के पूर्ण, आधार प्रलंबित सहा. शाळासिद्धी (शाळेचं स्वयंमूल्यमापन) भरावी. किर्द (जमाखर्चाची वही) ऑगस्टपर्यंतच लिहिलेली आहे, पूर्ण करावी. अख्ख्या पानावर एकही मूल नव्हतं.

मुलांचं वाचन घेऊ नका, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातातल्या भेटीच्या नमुन्यात वाचनासाठी रकाना होताच: प्रगत विद्यार्थी संख्या. तो मुख्याध्यापकांनी आधीच भरून ठेवला होता. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यापासून तो आकडा सगळ्यांनाच हवा होता. मी तो आकडा उतरवून घेतला आणि नोंदवह्यांकडे वळलो. आज जे सांगणार आहे त्याची सुरुवात त्या टेबलापाशी झाली.

दोनशिक्षकी शाळेचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिली ते चौथी, ३८ मुलं, दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, म्हणजे कागदावर सगळं नियमाप्रमाणे आहे. दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. परिपाठ झाला, हजेरी झाली, बाईंनी फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडली आणि केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप आला. अत्यंत तातडीचे. सोबतच्या नमुन्यात माहिती आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.

हा 'निरंक' शब्द खात्याबाहेरच्या लोकांना नवा वाटेल. शाळेत विचारलेली गोष्ट नसेलच, तर ती नाही असंही लेखी कळवावं लागतं. संगणक प्रयोगशाळेतल्या नादुरुस्त संगणकांची संख्या मागितली आणि शाळेत वीजजोडणीच नसली, तरी निरंक अहवाल जातो. त्यासाठी नमुना उतरवायचा, जावक क्रमांक टाकायचा, सही शिक्का करून फोटो पाठवायचा. इतकं करेपर्यंत हातच्याची वजाबाकी फळ्यावर तशीच राहते. दुसरे गुरुजी दोन वर्ग एकत्र बसवून चारही इयत्ता सांभाळतात. हे आठवड्यातून एकदा झालं तर कोणी तक्रार करणार नाही. माझ्या बीटमध्ये ते जवळजवळ रोज होत असे.

ही माहिती कोण मागतं? मी त्या साखळीत मधोमध होतो, म्हणून सांगू शकतो. विधिमंडळाच्या अधिवेशनात एखादा तारांकित प्रश्न लागतो. मंत्रालयातला कक्ष अधिकारी पुण्याला आयुक्त कार्यालयाला विचारतो. तिथून संचालनालय, मग विभागाचे उपसंचालक, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळा. वरच्याने चार दिवस दिलेले असतात. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्याला सांभाळायला थोडा वेळ राखून ठेवतो, म्हणून खालच्याला कमी देतो. शाळेपर्यंत येईतो चार दिवसांचे चार तास होतात. यात कोणी दुष्ट नसतो. मीही एक दिवस राखून ठेवत असे, कारण ६० पैकी दोन शाळांची माहिती आली नाही तर कारणे दाखवा नोटीस मला यायची. त्यातली निम्मी माहिती युडायसच्या, म्हणजे शाळांच्या वार्षिक माहितीच्या, प्रपत्रात किंवा सरलवर आधीच भरलेली असते. पण ती तिथून शोधून काढायला वरच्या कार्यालयाला स्वतः बसावं लागतं आणि शाळेकडून पुन्हा मागवायला एक ओळ पुरते. मागणीवर जो सही करतो त्याचा स्वतःचा वेळ खर्च होत नाही. सगळा गुंता मला तरी इथेच दिसतो.

याने शाळेचं तोंड वळतं. गावाकडे, मुलांकडे असलेलं तोंड हळूहळू पंचायत समितीच्या कार्यालयाकडे होतं. चांगला मुख्याध्यापक कोण, तर ज्याची माहिती वेळेत येते तो. माझ्या बीटमधल्या एका शाळेत गुरुजी उत्तम शिकवत. मुलं गोष्टी लिहीत, मोठ्या संख्या तोंडी हिशेबात सोडवत. पण त्यांची किर्द नेहमी मागे. मी त्यांना तीन वेळा लेखी समज दिली. शेजारच्या शाळेची दप्तरं चोख असत आणि चौथीतल्या निम्म्या मुलांना साधा उतारा वाचता येत नसे. त्या शाळेला मी एकदाही नोटीस काढली नाही. काढायची म्हटली असती तरी कुठल्या कलमाखाली काढणार? वाचता न येणं हा दप्तरातला दोष नव्हता.

१९३६ च्या शेऱ्याने मी हेलावलो, तरी जुना काळ मला परत नको आहे. डिपोटीची परीक्षा ही पद्धत आपल्याकडे आली कुठून, तेही पाहू. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी सुधारित संहिता आणली. शाळेचं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि निरीक्षकासमोर प्रत्येक मुलाने वाचन, लेखन, गणितात दिलेल्या परीक्षेवर ठरायचं. नापास मूल म्हणजे कापलेले पैसे. शाळांनी काय केलं, तर पुस्तक पाठ करून घेतलं. पुस्तक उलटं धरलं तरी मुलं घडाघडा म्हणत, अशा हकिकती तिथे नोंदलेल्या आहेत. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा निरीक्षक होते आणि या पद्धतीला त्यांनी उघड विरोध केला. तरी ती तिथे ३० वर्षांहून अधिक टिकली, आणि थोड्याच वर्षांत निकालावर अनुदान देण्याची पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. तेव्हा मुलाकडून वाचून घेणारा अधिकारीही शाळा बिघडवू शकतो, त्या वाचनाला पैसे किंवा शिक्षा बांधली की.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिलं. ते आपण स्त्रीशूद्रांच्या शिक्षणासाठी वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात तपासणीबद्दलही मजकूर आहे. प्राथमिक शाळांची देखरेख सदोष आणि अपुरी आहे, डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एका भेटीचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा शाळा तपासावी, आणि आगाऊ सूचना न देता भेटी द्याव्यात. गावच्या आणि जिल्ह्याच्या कामदारांवर विसंबू नये, कारण त्यांच्यामागे इतर कामं फार. शिक्षकाला निदान १२ रुपये पगार द्यावा. त्याच निवेदनात ते असंही सुचवतात की शिक्षकाला गावच्या कारभारात घ्यावं, गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपाल अशी कामं द्यावीत, म्हणजे त्याचा मान वाढेल. आज अशैक्षणिक कामांविरुद्ध बोलताना जे फुल्यांना आपल्या बाजूने उभं करतात, त्यांनी हे वाचावं. फुल्यांच्या डोळ्यांपुढे गावात कवडीची किंमत नसलेला मास्तर होता. त्याला वजन मिळावं म्हणून ते काम मागत होते. आजच्या शिक्षकाला जे काम दिलं जातं त्याने त्याचं वजन वाढत नाही, म्हणून मला त्या दोन गोष्टी एक वाटत नाहीत. पण सरकारी देखरेख वाढवा, असं म्हणणारा माणूस ज्योतीराव होता, हे विसरून चालणार नाही.

आता खात्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली. हजेरीपटावर लाखो नावं अशी निघाली की ज्यांच्यामागे मूलच नव्हतं. त्या नावांवर तुकड्या, पदं, तांदूळ, गणवेश, सगळं निघत होतं. ही मोजणी झाली नसती तर ती चोरी चालूच राहिली असती. दुसरी गोष्ट बदल्यांची. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. शिक्षकांनी त्याला लगेच नाव ठेवलं, 'खो' बसणं. मागून येणारा ज्येष्ठ तुमची शाळा मागतो आणि तुम्ही उठता. पहिल्या फेरीत फार हाल झाले, पती-पत्नी दोन टोकांना गेले. पण त्याआधी अवघड क्षेत्रातल्या वाडीवर वर्षानुवर्षं तेच गुरुजी राहायचे आणि तालुक्याच्या गावात तेच, आणि मधली सगळी वाट वशिल्याची होती. ज्याचा कोणी नाही त्याच्यासाठी नियम हाच आधार असतो. दुर्गम वाडीवरच्या एका शिक्षिकेच्या तोंडून मी हे ऐकलं आहे.

म्हणून कागद जाळा, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार तो काय विचारतो, याबद्दल आहे.

संचमान्यता घ्या. शाळेत किती शिक्षक असावेत हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ झाली की तीन. एका मुलावर एक पद. अलीकडे पटात धरायचं तर मुलाचं आधार वैध लागतं. नावात एक काना कमी, जन्मतारखेत एक आकडा वेगळा, की ते मूल बाकावर बसलेलं असतं आणि पटात नसतं. माझं बीट अहिल्यानगर जिल्ह्याच्या, तेव्हाच्या नगरच्या, पूर्व भागात होतं. तिथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. फडावर जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला नसतो, मग आधार नाही, मग पटात नाही. म्हणजे ज्या मुलांना शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, तीच मुलं शिक्षक मागण्याच्या हिशेबातून आधी गळतात.

त्याच मुलांसाठी हंगामी वसतिगृह नावाची चांगली योजना आहे. आईवडील कारखान्यावर गेले तरी मुलं गावात राहावीत, शाळा व्यवस्थापन समितीने त्यांच्या जेवणाची व्यवस्था करावी. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. टोळ्या त्याआधी हलतात. सर्वेक्षण, प्रस्ताव, छाननी, मंजुरी हे सगळं होऊन पत्र हातात पडायला मी पाहिलेल्या बहुतेक वर्षी डिसेंबर उजाडला. एका वर्षी मी स्वतः प्रस्तावातल्या त्रुटी काढून तो परत पाठवला होता. त्रुटी खऱ्या होत्या. तीन सह्या नव्हत्या आणि एका यादीत वय नव्हतं. प्रस्ताव दुरुस्त होऊन आला तेव्हा यादीतल्या २२ मुलांपैकी १७ बैलगाड्यांबरोबर गेली होती. मंजुरी आली, वसतिगृह पाच मुलांसाठी चाललं, खर्च नियमात बसला, लेखापरीक्षणात एकही आक्षेप नाही. मी त्यावर उत्तम अहवाल लिहिला. त्या १७ मुलांपैकी किती परत वर्गात बसली, हे त्या अहवालात कोणी विचारलं नव्हतं आणि मीही लिहिलं नाही. ही माझी चूक मी इथे मुद्दाम सांगतो आहे. नियम पाळूनही ती माझीच चूक होती.

तसंच निर्लेखनाचं. पडकी वर्गखोली पाडायची तर आधी ती सरकारी मालमत्तेतून लेखी वजा करावी लागते. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, समितीचा ठराव, बांधकाम उपअभियंत्याचा पाहणी अहवाल, गटविकास अधिकाऱ्यांची शिफारस, जिल्हा परिषदेची मंजुरी. हे टप्पे उगाच नाहीत. सरकारी इमारतीचे सागवानी वासे आणि पत्रे रातोरात गायब झाल्याचा अनुभव त्यांच्यामागे आहे. पण तोवर खोली तिथेच उभी असते आणि मधल्या सुट्टीत मुलं तिच्या सावलीत खेळतात. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात शाळेचं छत कोसळून मुलं दगावली, ते इथल्या अनेकांना आठवत असेल. त्यानंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या किती भराभर तयार झाल्या ते मी पाहिलं. म्हणजे यंत्रणेला वेग येतो. तो कशाने यावा, हे सांगताना आवाज बसतो.

गणवेशाचं उदाहरण ताजं आहे. पूर्वी समग्र शिक्षा योजनेतून एका गणवेशाला ३०० रुपयांप्रमाणे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. समिती गावच्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून माप घेऊन शिवून घेई. २०२४-२५ साठी ठरलं की राज्यभर कापड एकत्र खरेदी होईल, कापून तालुक्याला येईल आणि शिलाई महिला बचत गटांकडे जाईल. कागदावर यात एकसारखेपणा होता आणि बायकांना रोजगारही होता. प्रत्यक्षात स्वातंत्र्यदिन आला तरी कित्येक शाळांत गणवेश नव्हता, आणि आला तेव्हा कुणाच्या खांद्यावरून घसरत होता, कुणाला पोटावर आवळत होता. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवून काम पुन्हा समित्यांकडे दिलं, हे चांगलं झालं. पण मुलाचं माप मुंबईहून घेता येत नाही, हे शिकायला मुलांचं एक वर्ष खर्ची पडलं.

मग याच यंत्रणेतून काही चांगलं निघतं का? निघतं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट हे नाव शिक्षकांना सांगावं लागणार नाही. तिथे एका विस्तार अधिकारी बाईंनी, म्हणजे माझ्याच पदावरच्या बाईंनी, आपल्या शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान उभं करतं असं मानून, काम उभं केलं. शिक्षकांबरोबर बसल्या, मुलं कशी शिकतात ते पाहिलं, साधनं बनवून घेतली. पद तेच, अधिकार तेच, नमुने तेच. त्यांनी भेटीचा वेळ वर्गात घालवला, एवढं मला तिथे जाऊन आल्यावर उमगलं. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे गेल्या. नंतर काय झालं, तर 'ज्ञानरचनावादी वर्ग' हा एक रकाना झाला. तो भरायचा कसा, तर वर्गाच्या फरशीवर रंगाने आकृत्या, आकडे, मुळाक्षरं काढायची. लोकवर्गणीतून ऑइलपेंट आला. माझ्या बीटमध्ये दीड महिन्यात सगळ्या फरश्या रंगल्या आणि मी तसा अहवाल पाठवला. कुमठ्याला जे अनेक वर्षांच्या बोलण्यातून झालं होतं, त्यातलं फोटोत दिसणारं तेवढं आम्ही उचललं. शिक्षकांना दोष देऊ नका. आम्ही फोटो मागितले होते.

शेवटची पाच वर्षं उरलेली असती तर मी काय केलं असतं, असं मला विचारतात. फार मोठं काही नाही. प्रत्येक भेटीत पहिला तास वर्गात बसलो असतो, दोन मुलांकडून वाचून घेतलं असतं आणि त्यांची नावं शेरेबुकात लिहिली असती, म्हणजे पुढच्या भेटीला त्याच मुलांकडे जाता आलं असतं. त्यावरून कुणाला नोटीस काढली नसती. वरून आलेला नमुना युडायसमध्ये आधीच असेल तर मी स्वतः रात्री बसून भरला असता, शाळेला पाठवला नसता. हे दुसरं मी शेवटच्या वर्षी करून पाहिलं. दहापैकी सहा नमुने शाळेला न विचारता भरता आले.

कायद्यातही आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येणार नाही. मतदारयाद्यांचं काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे. याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत. दिवस आपण मोजतो. तास मोजणारी नोंदवही मी ३३ वर्षांत एकाही शाळेत पाहिली नाही, आणि नवीन नोंदवही सुचवायला मी सहसा धजणार नाही, पण ही एक सुचवीन.

(व्याख्यानानंतर एका पालक ताईंनी विचारलं की हे सगळं वर चालतं, आम्ही खाली काय करणार. त्याचं उत्तर असं.)

ताई, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा तयार करणं हे त्याच समितीचं काम आहे, कलम २२ प्रमाणे. तो तीन वर्षांचा असतो आणि बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांना एकट्याने बसून लिहावा लागतो, कारण सभेला कोणी येत नाही. इतिवृत्तावर सह्या मात्र घरोघरी जाऊन घेतल्या जातात. तुमच्याही दारात ती वही आली असेल. पुढच्या सभेची तारीख विचारून घ्या. गेल्यावर आराखडा मागा, तो कपाटात असतो. चौथीतल्या किती मुलांना उतारा वाचता येतो, एवढंच विचारा, आणि गुरुजींना त्यासाठी कुठल्या कामातून सोडवायला हवं तेही विचारा. मग जे ठरेल ते इतिवृत्तात तसंच उतरलं आहे का, हे वाचल्याशिवाय सही करू नका.